कारखाना वाढवला

तीर्थरूप दाजी यांच्या चरणी,

परमुलखातल्या एका गारठलेल्या खोलीतून, तेवढ्यापुरते हात खिशातून बाहेर काढून, मेव्हण्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण पलंग आणि कपाट यांच्या मधे मी उभाच कसाबसा मावतो, तेव्हा तो मनातल्या मनात घातला आहे असं समजून घ्यावं. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना? (उतरताना दुखत असेल तर काळजीचं कारण नाही, असं इथल्या एका बाईंनी छातीठोकपणे सांगितलं. बाई डॉक्टर नाहीत, दुभाषी आहेत. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.) ताईचा चष्मा सापडला का? मागच्या वेळी तो माझ्याच बॅगेत निघाला होता, म्हणून या वेळी मी सगळी बॅग उपसून पाहिली, नाही त्यात. हे पत्र हाताने लिहून पानांचे फोटो ताईच्या फोनवर पाठवतो आहे. सरळ फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकून तुम्ही दोघं 'काय झालं, काय झालं' करत बसाल आणि मूळ गोष्ट राहूनच जाईल.

माझी तब्येत म्हणाल तर झोप नाही, भूक नाही, आणि डाव्या डोळ्याची पापणी कालपासून जी फडफडते आहे ती थांबायचं नाव घेत नाही. कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. मालकांनी मला इथे पाठवलं ते इथला कारखाना बंद होतोय हे इथल्या माणसांना सांगायला. काल मी ते सांगितलं. आणि आज गावात जो भेटेल तो माझा हात हातात घेऊन गदागदा हलवतोय, कारण या सगळ्यांची समजूत झाली आहे की कारखाना आता मोठा होणार. सोमवारी मी मालकांसमोर उभा असेन. इथल्या माणसांच्या पोटापाण्याचं काय आणि माझ्या नोकरीचं काय, हे दोन्ही त्या दिवशी ठरेल. आणि हे सगळं झालं एका शब्दामुळे. शब्द आपला आहे, चांगला घरंदाज आहे, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही.

आमच्या कंपनीचं तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मी अजून नळाच्या दुकानात काम करतो अशी ताईची समजूत आहे, म्हणून तिच्यासाठी लिहितो. मालकांनी पत्र्याच्या शेडमध्ये पहिला नळ ओतला तेव्हा मी शेजारी उभा होतो. (पितळ साच्यात कमी आणि जमिनीवर जास्त गेलं. जमिनीवर जे थिजलं ते मालकांच्या टेबलावर अजून कागद दाबायला असतं.) आज आमचे नळ कुठल्याशा वाळवंटातल्या हॉटेलात आहेत, कुठल्याशा बेटावरच्या इस्पितळात आहेत. विक्रीखात्याने भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता, जिथे माल जातो तो देश रंगवायचा. आता त्यांच्याकडे रंग उरले नाहीत. पूर्वी बाहेरची कंपनी आपल्याकडे यायची आणि आपल्या माणसांना टाय बांधायला लावून काम कसं करायचं ते शिकवायची. आता आपली कंपनी बाहेर जाते आणि तिथल्या कंपन्या विकत घेते. वर्तमानपत्रात आम्हाला 'उगवती बहुराष्ट्रीय कंपनी' म्हणून छापलं, तर मालकांना 'उगवती' लागलं. म्हणाले, इतकी वर्षं आम्ही काय अंधारात होतो?

तर ही जी कंपनी मालकांनी नुकतीच घेतली ती साधीसुधी नाही. आमचा पहिला नळ हिच्याच नळावरून उचललेला. (उचललेला म्हणजे नक्कल केलेला. चोरलेला नव्हे, तो मालकांनी एका मोठ्या हॉटेलच्या मोडीतून रीतसर घेतला होता.) घरी आणताना तो स्कूटरवरून पडला आणि त्याच्या मुठीला अंगठ्याएवढा पोचा आला. दुसरा नमुना आणायचा कुठून? साचा त्याच्यावरूनच केला, आणि आमच्या प्रत्येक नळाला तो पोचा जन्मखुणेसारखा आला. सुरुवातीला आम्ही तो लपवायचो. दुकानदाराला नळ दाखवताना पोच्यावर आपलाच अंगठा ठेवायचा, असं मालकांनी आम्हाला शिकवलं होतं. पुढे गिऱ्हाइकंच पोचा चाचपून नळ घेऊ लागली. पोचा नसला तर नकली म्हणून परत करायची. आता आमच्याकडे अशी यंत्रं आहेत की मुठीवर केसाएवढा ओरखडा येत नाही, पण पोचा तेवढा मुद्दाम पाडावा लागतो आणि त्याच्या तपासणीला वेगळा माणूस आहे.

इतक्या मोठ्या कामाला मीच कसा सापडलो, हे तुम्ही विचाराल. 'बघतो' म्हणालो म्हणून सापडलो. दाजी, तुम्हीच सांगा, आपल्यात 'बघतो' म्हणजे काय? कोणी वर्गणी मागायला आलं, बघतो. माझ्या पुतण्याला कुठे चिकटवा ना, बघतो. सुट्टीत या की आमच्याकडे राहायला, बघतो. ज्याला तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही त्याचा तो 'नाही' असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मीटिंगमध्ये मालकांनी विचारलं, तिकडचं कोण बघेल? सगळ्यांनी आपापल्या फायलीत डोकं घातलं. माझ्याकडे फाईल नव्हती. मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, बघतो, म्हणजे विचार करतो, म्हणजे नको. मालकांनी उठून पाठीवर थाप मारली. त्यांना वाटलं, मी तिकडचं सगळं बघतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी टेबलावर तिकीट आणि कोणाची तरी लोकरी टोपी.

काम असं होतं की काही आठवडे इथे राहायचं, कुठलं यंत्र आपल्याकडे न्यायचं आणि कुठलं मोडीत काढायचं ते पाहायचं, आणि शेवटी माणसांना गोड शब्दांत निरोप द्यायचा. नाव मात्र आपल्याकडे ठेवायचं. (आयुष्यभर आम्ही यांच्या किमतींना नावं ठेवली, आता नावच ठेवून घेऊ, असा मालकांनी विनोद केला. मीटिंगमधले सगळे हसले. मीही हसलो, उगाच कशाला वाईट दिसा.) वाईट वाटणार नाही अशा बेताने सांगा, एवढं मालकांनी मला जाताना बजावलं. माणसाची रोजीरोटी गेली हे त्याला वाईट वाटणार नाही अशा बेताने कसं सांगतात, ते मी विमानात सगळा वेळ घोकत होतो. शेजारच्या प्रवाशाने शेवटी मला उलटीची पिशवी आणून दिली.

विमानतळावर दुभाषी बाई न्यायला आल्या होत्या. बाई इथल्याच, सडसडीत, पांढऱ्या केसांच्या, पायात पुरुषी बूट. आपल्या देशात त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नाही. आपली भाषा त्या तरुणपणी एका म्हाताऱ्या प्राध्यापकाकडून आणि पेटीभर जुन्या पुस्तकांतून शिकल्या, आणि ती बोलायला जिवंत माणूस त्यांना बहुधा मीच पहिला मिळालो. मला पाहताच म्हणाल्या, "आपला प्रवास निर्विघ्नपणे पार पडला ना?" मी मागे वळून पाहिलं, कोण थोर माणूस आलाय म्हणून. सकाळी भेटल्या की "आपणांस निद्रा लागली काय?" जेवायच्या वेळी "आपण क्षुधित दिसता." मला सर्दी झाली तेव्हा माझी नासिका व्याकूळ झाल्याचं त्यांनी साऱ्या कचेरीला त्यांच्या भाषेत सांगितलं असावं, कारण प्रत्येकाने रुमाल आणून दिला. त्यांच्यासमोर तोंड उघडायचं तर मला कॉलर नीट करावीशी वाटते.

पहिल्याच दिवशी इथला फोरमन माझ्याकडे आला. ताडमाड उंच, बोलणं मोजकं, भुवया अशा की खाली बघितलं तर डोळे दिसत नाहीत. पॉलिशखात्याच्या छपरातून पाणी गळतं, ही त्याची तक्रार. ज्या छपराचे काही दिवस राहिलेत त्याची तक्रार कोण ऐकणार? मी सवयीने म्हणालो, बघतो. बाईंनी ते त्याच्या भाषेत सांगितलं. तो मान हलवून निघून गेला, आणि मी सुटलो असं म्हणतोय तोवर खांद्यावर शिडी घेऊन परत आला. साहेब स्वतः पाहणार आहेत, असं बाईंनी सांगितलं होतं. दाजी, मला स्टुलावर चढून दिवा बदलता येत नाही, घरी तेसुद्धा ही करते. खाली सगळं पॉलिशखातं माना वर करून उभं. मी चढलो. पन्हळीला मिठी मारून डोळे मिटले, मग इतक्या वर आलोच आहे तर म्हणून उघडले. तीन पत्रे सडले होते. आता सडलेला पत्रा डोळ्यांनी बघितल्यावर न बघितल्यासारखं करून खाली कसं यायचं? पत्रे मागवले. मालकांना कळवलं नाही.

त्यानंतर माझे जे हाल झाले ते सांगायची सोय नाही. 'बघतो' हे काही मी मुद्दाम म्हणत नव्हतो, ती माझ्या तोंडाला लागलेली खोड. पण इथे कोणी 'बघतो' म्हणाला की तो बघतोच, अशी या लोकांची भाबडी समजूत. लेथचा पट्टा सटकतो, बघतो. की मला लेथपाशी उभं केलं. कॅन्टीनचं सूप पाणचट असतं, बघतो. की माझ्यापुढे वाटी. (पाणचटच होतं.) एका बाईची खुर्ची डुगडुगत होती, तिने बसायचं सोडून ती खुर्चीच माझ्या टेबलावर आणून ठेवली. पुढे दुभाषी बाईंकडून कळलं की आधीच्या मालकांपैकी कोणी कचेरीच्या दाराच्या आत आलंच नव्हतं. ते पैसेवाले लोक होते, कंपनी घ्यायची आणि जरा झाडून पुसून पुढच्याला विकायची, एवढाच त्यांचा धंदा. त्यामुळे छपरावर चढलेला पहिला साहेब म्हणून माझं नाव झालं. गोदामातला एक जण मला पाहिलं की टोपी काढायचा. मी खोलीवर निघालो की ते मला बघून हसायचे आणि मी टोपी कानांवर ओढून सटकायचो, कारण त्यांना सांगायचं वाक्य मी रोज आरशासमोर म्हणून बघत होतो आणि ते रोज पहिल्या शब्दावर अडत होतं.

त्यात तो पोचा निघाला. झालं असं की फोरमन आणि त्याच्या माणसांनी मला ड्रॉइंगच्या खोलीत नेऊन आपला नवा नळ दाखवला. आमच्यासारख्यांच्या स्वस्त मालाने त्यांची बरीच गिऱ्हाइकं पळवली, तेव्हा त्यांनीही कमी किमतीचा एक नळ काढला होता. मी सहज मूठ धरली, आणि दाजी, माझा अंगठा बरोबर खड्ड्यात जाऊन बसला. बाईंमार्फत विचारलं, हे काय? नकाशे काढणाऱ्या मुलीने मोठ्या अभिमानाने सांगितलं की ही अंगठ्याची जागा. ओला हात निसटत नाही. तिचा कोन किती, खोली किती, यावर आम्ही बरेच महिने घालवले. आणि ही कल्पना कुठून सुचली? तिने खण उघडला. आत आमचा नळ. तो विकत आणून, खोलून, कण न् कण मोजून त्यांनी त्याची नक्कल केली होती. मालकांच्या स्कूटरवरून पडून आलेला पोचा सातासमुद्रापार जाऊन आपल्या माहेरी परत आला होता, आणि आता त्याला शास्त्र चिकटलं होतं.

गप्प बसायला हवं होतं. पण मी स्कूटरपासून सगळं सांगून टाकलं. बाईंनी तो अपघात त्यांच्या भाषेत असा काही रंगवला असावा की सगळे हातातली कामं सोडून जवळ सरकले. मग फोरमनच्या भुवया थरथरायला लागल्या. मला वाटलं, आता हा मला उचलून खिडकीबाहेर टाकतो. तर तो हसत होता. त्याच्यामागून ती मुलगी, मग सगळी खोली. दिवसभर कारखान्यात जो तो दुसऱ्याला आपला अंगठा दाखवून हसत होता. त्यांनी आमचं उचललं, आम्ही त्यांचं उचललं होतं, आणि मधली सगळी वर्षं दोघांनीही अंगठा झाकून काढली होती. ही माणसं मला तेव्हापासून परकी वाटेनात. माझं जेवण सुटलं ते त्या दिवसापासून.

परवा मालकांचा फोन आला. म्हणाले, बघून झालं असेल, तर उद्या वाढवून टाका आता. मालकांचं तुम्हाला ठाऊक आहेच, त्यांना 'बंद' हा शब्द चालत नाही. पत्र्याच्या शेडपासूनचा नियम आहे. आमच्या कारखान्यात विजेच्या बटनांवर 'चालू' आणि 'चालू नाही' असं लिहिलेलं असतं. संध्याकाळी फळ्या लावताना तुमचे वडील जसे 'चला, दुकान वाढवा' म्हणायचे, तसे मालकही सगळं वाढवतात. आपल्याकडे काकणसुद्धा फुटत नाही, वाढतं. वाईट तोंडातून काढायचं नाही म्हणून सरळ उलटं बोलायचं, आणि ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. इतकी वर्षं त्या नियमात काढल्यावर 'बंद' मला कागदावर लिहिता येतं, पण म्हणायला जीभ वळत नाही. (इथे गल्ली चुकलो तर पुढे रस्ता 'संपला' म्हणतो.)

काल दुपारी पॅकिंगच्या दालनात सगळे जमले. खोक्यांवर बसलेले, हात पुसत आलेले, पॉलिशखात्यातल्या बायका तोंडावरचे कपडे खाली ओढून पुढे उभ्या. त्यांना कुणकुण होती. फोरमन माझ्याकडे न पाहता जमिनीकडे पाहत होता, आणि त्याच्यासारख्या उंच माणसाने खाली पाहिलं की फार केविलवाणं दिसतं. माझ्या हातात कागद होता, त्यावर गोड शब्दांत सगळं लिहून आणलं होतं. अक्षरं नाचू लागली. घशाला कोरड पडली. (आणि हा नळांचा कारखाना.) शेवटी कागद खिशात कोंबला आणि तोंडातून एकच वाक्य बाहेर पडलं: मालकांनी हा कारखाना वाढवायचं ठरवलं आहे.

दुभाषी बाई क्षणभर थांबल्या, माझ्याकडे झुकून काहीतरी पुटपुटल्या (इतक्या घालमेलीत मला ते नीटसं ऐकू आलं नाही), मग चष्मा सारखा करून त्यांनी ते वाक्य खणखणीत आवाजात त्यांच्या भाषेत म्हटलं. मग जो आरडाओरडा झाला तो ऐकून मी खोक्यांमागे गेलो, म्हटलं आता दगड येणार. कोणीतरी दंडाला धरून मला बाहेर ओढलं आणि वर उचललं. पॉलिशखात्यातल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. फोरमनने मला इतक्या जोरात मिठी मारली की माझ्या खिशातला तो कागद अजून चुरगळलेला आहे. काय सांगितलंत तुम्ही, म्हणून मी बाईंना ओरडून विचारलं. त्या म्हणाल्या, "आपण उच्चारिलेले वाक्य. अक्षरशः."

बघा दाजी, पुस्तकातून शिकलेल्या भाषेने कसा घात केला. आपल्यातला कोणी असता तर त्याला 'वाढवणं' लगेच कळलं असतं. ही चूक आहे, गैरसमज झालाय, असं तिथल्या तिथे सांगायला हवं होतं हे मलाही कळतं. पण मी जमिनीपासून बराच वर होतो. संध्याकाळी निश्चय करून फोरमनच्या घरी गेलो, तर त्याने जेवणाच्या टेबलावर नव्या शेडचा नकाशा पसरलेला. यंत्रं कुठे मांडायची ते त्याची बायको कपबशा ठेवून दाखवत होती. मी एक कपबशी सरकवली आणि परत आलो. आज सकाळी तर कहर झाला. डुगडुगत्या खुर्चीवाल्या बाई कारखान्यामागच्या गल्लीत राहतात. गावात काम राहणार नाही म्हणून त्यांनी राहत्या घरावर 'विकणे आहे' अशी पाटी लावली होती. आज त्या स्टुलावर चढून ती पाटी उतरवत होत्या. मला पाहून त्यांनी हात हलवला. मीही हलवला, आणि कोपऱ्यावर जाऊन भिंतीला धरून उभा राहिलो.

इथल्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला आहे. लोकांच्या खांद्यावर आहे, तोंड उघडं आहे, टोपी वाकडी. मालकांना तो आज ना उद्या कोणीतरी पाठवणारच. उद्या माझं विमान आहे. बाकी सर्व ठीक. हवा थंड आहे. ताईला सांगा, स्वेटर उपयोगी पडला. घरी हिला आत्ताच काही कळवलेलं नाही, ती उगाच काळजी करेल आणि मग मला दोघांची काळजी करावी लागेल. थोरामोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना जो काही उरला असेल तो आशीर्वाद.

आपला,
खोलीत अंग चोरून बसलेला मेव्हणा

ता. क. १: एक किरकोळ काम होतं. मालक शाळेत तुमचे विद्यार्थी होते आणि भाषा तुम्हीच त्यांना शिकवलीत, हे मला सहज आठवलं. अजूनही तुम्ही आलात की ते खुर्ची सोडून उभे राहतात. आमच्या कंपनीत हा मान बँकेच्या साहेबालाही नाही. तर गुडघा बरा असेल तर उद्या, आणि बरा नसेल तर रिक्षा करून उद्याच, त्यांच्या घरी जाऊन या. विषय निघालाच तर एवढं सांगा की 'वाढवणे' या क्रियापदाचा पहिला अर्थ मोठं करणे असाच आहे आणि हुकूम देणाऱ्याने शब्द जपून वापरावेत. आणि शब्दांवर भागलं नाही तर हेही सांगा की गिऱ्हाईक त्या नावाला जे पैसे मोजतं ते या पॉलिशखात्यातल्या हातांसाठी. ते हात घालवून नुसतं नाव आणलं तर वर्षभरात नावालाही पोचा येईल. आपलं ओतकाम आणि यांचं पॉलिश एकत्र केलं तर आज जगात आपल्याला तोड नाही. हे मी मालकांना कधीच सांगू शकणार नाही. त्यांनी नुसती भुवई उचलली की मी 'बघतो' म्हणून मोकळा होईन. (ताई, हे तू आधी वाचणारच आहेस. निदान आईला सांगू नकोस.)

ता. क. २: दाजी, तुम्ही शिक्षक माणूस, खोटं तुमच्या तोंडून निघायचं नाही, तेव्हा मालकांकडे जायच्या आधी खरं काय ते तुम्हाला माहीत हवं. वर लिहिलंय की बाई काहीतरी पुटपुटल्या आणि मला ऐकू आलं नाही. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. त्यांनी विचारलं, "वाढविणे म्हणजे वर्धन करणे, ना?" मी समोर पाहिलं. पॉलिशखात्यातल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी 'हो' म्हणालो. घाबरून नाही, चुकून नाही. चांगला ऐकू येईल असा 'हो' म्हणालो. मालकांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सांगितलंत तर माझी नोकरी गेली, आणि त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही.

ता. क. ३: पानांचे फोटो काढणार एवढ्यात दुभाषी बाई निरोप घ्यायला आल्या. मला राहवलं नाही. बिचारीला तोंडघशी पाडलं असं वाटून मी त्यांना 'वाढवणे'चा दुसरा अर्थ सांगितला आणि माफी मागितली. त्यांनी हातमोजा चढवत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तो अर्थ त्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांच्या पेटीतल्या एका पुस्तकात पहिल्याच धड्यात 'सांज झाली, वाण्याने दुकान वाढविले' असं वाक्य होतं आणि प्राध्यापकांनी ते त्यांच्याकडून अर्थासकट पाठ करून घेतलं होतं. मी म्हटलं, मग तुम्ही विचारलंत कशाला? तर म्हणाल्या, "आपणांस कोणता अर्थ हवा आहे, हे विचारणे मला आवश्यक वाटले." दाजी, त्या गेल्या तरी मी तसाच पलंगावर बसून आहे. पत्र्याच्या शेडपासून आजपर्यंत मालकांनी मला हजार कामं सांगितली, आणि मी ती केली. पण तुला काय हवंय, असं मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. उद्या सकाळीच जा.